गुरुजींचं ताट

रणजंग घर्ती मगर हे नाव नुसतं ऐकलं तर माणूस दोन पावलं मागे सरकेल, आणि मूर्ती समोर आली की तीन पावलं पुढे येईल. उंची पाच फूट एक इंच, त्यातला इंच टोपीचा. आवाज पातळ. गुडघे एकमेकांशी भांडण झाल्यासारखे दोन दिशांना गेलेले. नाव बापानं ठेवलं होतं. बाप पलटणीतला निवृत्त हवालदार. मुलगा रांगत होता तेव्हाच त्यानं त्याच्या हातात मनातल्या मनात बंदूक दिली होती. मुलगा तेवढा वाढायचा राहून गेला.

भरतीला रणजंग तीनदा गेला. पहिल्यांदा उंचीत नापास झाला, दुसऱ्यांदा छातीत. तिसऱ्यांदा पाठीवर वाळूची टोपली बांधून डोंगर पळत चढायचा होता. तो चढलासुद्धा, पण वर पोचेपर्यंत टोपलीत वाळू उरली नव्हती. टोपलीला भोक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ते साहेबांना पटलं नाही. तिन्ही वेळा घरी आल्यावर बापानं त्याला पलटणीच्या पट्ट्यानं फोडून काढलं. तिसऱ्या वेळी पट्ट्याचं बक्कल लागून भुवईला जी खोक पडली, ती घेऊनच तो पाल्पाच्या डोंगरातून खाली उतरला आणि नारायणगढला, मुग्लिनच्या रस्त्यावरच्या ‘होटेल हिमचुली’त भांडी घासायला लागला.

सहा वर्षांनी तो वाढप्यांचा म्होरक्या झाला. अशा म्होरक्याला होटेलात कॅप्टन म्हणतात. त्यानं भाबडेपणानं घरी पत्र टाकलं, “बा, मी कॅप्टन झालो.” बापानं सगळ्या गावाला दोन दिवस रक्शी पाजली. तिसऱ्या दिवशी नारायणगढहून मीठ-तेल घेऊन परतलेल्या कुणीतरी खरी हकिगत सांगितली. म्हातारा त्याच पावली निघाला, एक दिवस पायी आणि एक दिवस बसनं आला, आणि भर जेवणघरात, तीस गिऱ्हाइकांसमोर त्यानं कॅप्टनला बडवून काढलं. दमल्यावर बाकावर बसला, दोनदा भात मागून घेतला, “डाळ बरी आहे” एवढंच म्हणाला आणि परत गेला. ही गोष्ट सांगताना शेवटच्या वाक्याला रणजंगचे डोळे भरून येत. बापाच्या तोंडून निघालेला तो एकुलता एक बरा शब्द होता. आणि डाळ होती फूलकुमारीची.

फूलकुमारी महतो ही हिमचुलीची स्वयंपाकीण. थारू जमातीतली पोर, आता पन्नाशीची. बांधा चुलीवरच्या मोठ्या हंड्याचा आणि तापायचीही तशीच, उशिरा पण भरपूर. होटेलाचे मालक आशाकाजी साहुजी, जातीनं नेवार, सज्जन आणि घाबरट. भांडणाचा आवाज आला की ते लक्ष्मीची तसबीर छातीशी धरून गल्ल्याखाली बसत. लक्ष्मी कुणाला वाचवत होती आणि कुणामुळे वाचत होती, ते दोघांनाच ठाऊक.

भांडणं रोजचीच होती. महामार्गावरचं होटेल म्हणजे तापलेली डोकी उतरण्याचं ठिकाण. भातात खडा लागला म्हणून एका ट्रकवाल्यानं रणजंगच्या कानशिलात वाजवली होती. एका वऱ्हाडाच्या बसमधल्या नवऱ्याच्या काकानं पिऊन त्याला हौदात बुडवला होता आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा एकदा, आधीचं आठवत नाही म्हणून. डाव्या दंडावर झाऱ्याचा डाग होता, तो फूलकुमारीचा. त्या बाबतीत चूक रणजंगची होती असं दोघांचंही मत. त्यानं मात्र कधी कुणावर हात उगारला नाही. यात साधुत्व काही नव्हतं. “माझा हात पोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो,” असं तो सांगायचा.

पण बस अडकली की हा माणूस बदलायचा. पावसाळ्यात मुग्लिनच्या बाजूला दरड कोसळे, वाहनांची रांग नारायणगढपर्यंत येई, आणि कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा, कुणाचं विमान हिमचुलीच्या ओसरीवर येऊन बसे. रणजंग त्यांना आधी काही विचारायचा नाही. आधी गरम पाणी, मग भात, मग विचारपूस. रिकाम्या पोटी सांगितलेली अडचण तिप्पट मोठी असते, असं त्याचं गणित होतं. स्वतःची खाट बाळंतिणीला, स्वतःचं पांघरूण म्हाताऱ्याला, आणि साहुजींची खोली साहुजींना न विचारता कुणालाही. कोणी “नको, नको” म्हटलं तर तो मान डोलवायचा आणि वाढायचा.

आणि त्याच्या देवघरातले देव म्हणजे गुरुजी. त्या मुलखात बसच्या ड्रायव्हरला गुरुजी म्हणतात, आणि महामार्गावरच्या होटेलांत गुरुजींचा मान घरच्या जावयाहून वरचा असतो. कारण बस कुठल्या होटेलापुढे थांबवायची ते गुरुजी ठरवतात. हिमचुलीत प्रवाशांना स्टीलच्या थाळीत भात, डाळ, बटाटा आणि मुळ्याचं लोणचं. गुरुजींना आतल्या खोलीत काशाचं ताट. त्यात बारीक तांदळाचा भात, गावठी कोंबडीचा रस्सा, नारायणीतला तळलेला मासा, कडेला दह्याची वाटी, आणि वरून तूप. बसचा भोंगा वळणावर वाजला की फूलकुमारी ताट भरायला घेई, आणि ते पोचवायचं काम रणजंग दुसऱ्या कुणाला करू देत नसे. दोन्ही हातांनी धरायचं, किंचित वाकायचं, समोर ठेवायचं, तूप सोडायचं आणि म्हणायचं, “सावकाश होऊ द्या.” सव्वीस वर्षं. शेवटी शेवटी यात डोक्याचा काही संबंध उरला नव्हता, सगळं हातांनाच पाठ झालं होतं.

त्या माघात धुकं असं पडलं होतं की सकाळचे दहा वाजले तरी रस्त्यापलीकडचं पंक्चरचं दुकान दिसत नव्हतं. धरानहून रात्रभर धावत आलेली, पोखऱ्याला जाणारी बस वळणावर भोंगा वाजवून गेली. फूलकुमारीनं सवयीनं काशाचं ताट पुढे ओढलं. भोंग्यामागून ब्रेकची किंकाळी आली, मग पत्र्याचा एक जाड आवाज, आणि मग काहीच नाही.

धुक्यातून माणसं यायला लागली ती बोचकी छातीशी धरून. पंचवीस-तीस प्रवासी. कुणी रडत होतं, कुणी ड्रायव्हरच्या आईबापांचा उद्धार करत होतं. लोकनाथ फुलकोबीवाला आडव्या गल्लीतून सायकलवर आला होता, बसनं त्याला उडवला होता. चार जणांनी त्याला हातगाडीवर घालून भरतपूरच्या इस्पितळाकडे पळवलं होतं. रस्ताभर फुलकोबीचे गड्डे पसरले होते आणि त्यांच्यावर रक्त होतं. लोकनाथ त्या बाजारातला घरोघरचा माणूस. दहा मिनिटांत धुक्यात शंभर आवाज झाले. पहिला दगड बसच्या पुढच्या काचेवर बसला, आणि मग मोजण्यात अर्थ राहिला नाही.

मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला तो हर्कमान राई. बसचा गुरुजी. वय पस्तीस, नऊ वर्षं हिमचुलीत थांबणारा. रणजंगला तो दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा.

“दाजू, मला लपवा. मी भोंगा दिला होता. आईशपथ, दिला होता. तो दिसलाच नाही.”

“क्लीनर कुठाय तुझा?”

“पळाला. दाजू, ते मला मारून टाकतील.”

ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एका ट्रकवाल्याला लोकांनी झाडाला बांधून मारला होता, आणि पोलीस आले तेव्हा सोडवायला फक्त दोरी उरली होती. रणजंगनं ते पाहिलं होतं. त्यानंतर तो आठ दिवस जेवला नव्हता.

“साहुजी, पोलिसांना फोन लावा!” तो ओरडला.

“लावतो,” गल्ल्याखालून आवाज आला. “पण रस्त्यात टायर पेटवलेत म्हणे. त्यांना यायला वेळ लागेल.”

“तोवर याला जिवंत ठेवायचा,” रणजंग म्हणाला. मग त्यानं भात शिजलेल्या हंड्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच त्याला युद्धाची एक योजना सुचली. “फूलकुमारी, वाढायला घे. सगळे जेवताना दिसले पाहिजेत. जेवत्या माणसावर कोण हात टाकतं?”

हर्कमानचं जाकीट चुलीत गेलं. त्याच्या अंगावर साहुजींची शाल आली, डोक्यावर टोपी आली, आणि त्याला प्रवाशांच्या लांब बाकावर नेऊन बसवला. बाकाच्या टोकाला कर्णमाया लिम्बू नावाची धरानची म्हातारी होती. रात्रभर तिनं या ड्रायव्हरला शिव्या दिल्या होत्या, गाणी मोठ्यानं लावतो म्हणून. तिनं त्याला खालपासून वर न्याहाळलं.

“आमा,” रणजंग हात जोडून म्हणाला, “याला तुमचा माणूस म्हणा.”

“मला चार जावई आहेत. एकही धड नाही,” म्हातारी म्हणाली. “हा पाचवा. बस रे इथं. आणि थरथरू नकोस, माझी थाळी वाजतेय.”

बाहेर बस पेटली. धुकं एकदम नारिंगी झालं, आणि त्या नारिंगी धुक्यातून चाळीस माणसं हिमचुलीत घुसली. पुढे धुंडिराज. रस्त्यापलीकडच्या पंक्चरच्या दुकानाचा मालक, रोज सकाळी हिमचुलीत चहा पिणारा, आणि लोकनाथचा सख्खा भाचा. त्याच्या हातात सायकलची साखळी होती. शेजारच्याच्या हातात चाकं खोलायचा पाना, बाकीच्यांकडे बांबू. येता येता त्यांनी ओसरीवरच्या दोन खिडक्या आणि पाण्याचा माठ फोडला होता. माठानं काय केलं होतं ते कुणी सांगू शकलं नसतं.

“कॅप्टन दाजू, ड्रायव्हर कुठाय?”

“नदीकडे पळाला म्हणतात.”

“खोटं बोललास तर होटेलाची एक वीट राहणार नाही.”

“धुंडी, सकाळपासून चहा नाही घेतलास तू. बस जरा.”

“माझा मामा मेला तिकडे, आणि तू मला चहा पाजतोस?” धुंडीचा आवाज फाटला. त्यानं साखळी फिरवली आणि कपाटातल्या सगळ्या काचेच्या पेल्यांचा चुरा झाला. गल्ल्याखालून साहुजींचा हुंदका ऐकू आला. पेल्यांवर त्यांचा वेगळाच जीव होता.

मग धुंडी बाकामागून चालू लागला. एकेका माणसासमोर साखळी टेकवायची आणि विचारायचं, कुठून आलास, कुणाबरोबर आहेस. माणसं मान खाली घालून उत्तर देत होती, हर्कमानकडे बघायचं टाळत होती आणि कोरडा भात गिळत होती. हर्कमानसमोर साखळी आली.

“हा कोण?”

“माझा जावई,” कर्णमाया म्हणाली. “तुला हवाय का? घेऊन जा. नेताना सांभाळ, झोपेत लाथा मारतो.”

“मी त्याला विचारलं, म्हातारे.”

“तो काय सांगणार? तोंड उघडलं की खोटं बोलतो, म्हणून मीच बंद ठेवलंय. लग्नात म्हणाला, दोन म्हशी आहेत. माझी लेक जाऊन बघते तर दोन म्हशी होत्या, पण शेजाऱ्याच्या.”

मागच्या बांबूवाल्यांपैकी एक जण हसला. धुंडी हसला नाही, पण त्याची साखळी खाली आली. त्यानं हर्कमानच्या टोपीकडे एकदा पाहिलं आणि तो पुढे सरकला. बाकाचं दुसरं टोक आलं. तिथं कुणी नव्हतं. “चला, नदीकडे,” धुंडी म्हणाला. चाळीस माणसं दाराकडे वळली. पाना घेतलेला तर उंबऱ्याबाहेरही पडला.

आणि रणजंग घर्ती मगर स्वयंपाकघरातून काशाचं ताट घेऊन बाहेर आला.

नंतर त्याला शंभर लोकांनी विचारलं, का? त्याला सांगता आलं नाही. सगळ्या प्रवाशांना वाढून झालं होतं, हर्कमानची थाळी तेवढी राहिली होती, ती आणायला म्हणून तो आत गेला होता. फळीवर फूलकुमारीनं सवयीनं भरून ठेवलेलं ताट होतं. गुरुजी बाहेर बसले होते. पुढचं सगळं हातांनी केलं. दोन्ही हातांत ताट धरलं, तीस स्टीलच्या थाळ्यांच्या रांगेशेजारून नेलं, किंचित वाकून हर्कमान राईच्या पुढ्यात ठेवलं. माशाचं तोंड गुरुजींकडे केलं. तूप सोडलं.

“सावकाश होऊ द्या,” रणजंग म्हणाला.

फूलकुमारीच्या तोंडून जो आवाज निघाला तो म्हैस चिखलात रुतल्यावर काढते तसला होता. धुंडी दारातून वळला. आठ वर्षं त्यानं या अंगणात बसगाड्यांची चाकं बदलली होती. काशाचं ताट कुणापुढे जातं ते त्याला शिकवायची गरज नव्हती.

“जावयाला मासा?” तो हळू म्हणाला. “दाजू, हे ताट कुणाचं?”

रणजंगनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसं पाहिलं.

“माझं,” तो म्हणाला. आणि मटकन बाकावर बसून त्यानं भातात हात घातला.

“आठ वर्षांत तू गिऱ्हाइकासमोर पाणी प्यायलेला मी पाहिला नाही.”

रणजंगनं घास तोंडात कोंबला. तो गिळायच्या आत साखळी आली. पहिला फटका ताटावर बसला, मासा उडून साहुजींच्या गल्ल्यावर पडला. दुसऱ्या फटक्याला हर्कमान बाकाखाली घुसला होता. “हाच! हाच तो!” चाळीस माणसं परत आत आली, बाक उलटा झाला, आणि चार हातांनी हर्कमानला पायांनी ओढून फरशीवर आणला. कुणीतरी त्याच्या तोंडावर लाथ मारली. काचांच्या चुऱ्यावर दोन दात पडले.

रणजंग त्याच्यावर आडवा झाला. हे शौर्य म्हणावं असं काही दिसत नव्हतं. घसरून पडल्यासारखा तो पडला आणि पडल्यावर चिकटला. हर्कमान सहा फुटी, रणजंग पाच फूट एक, त्यामुळे पाय उघडे राहिले. पण डोकं त्यानं दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, आपलं कपाळ त्याच्या मानेत खुपसलं होतं. बांबू पाठीवर पडले. साखळी कानावरून गेली आणि कान अर्धा लोंबला. कुणीतरी केस धरून ओढलं, तर केस हातात आले पण माणूस सुटला नाही. “सोड, दाजू! तुला नाही मारायचं! सोड त्याला!” धुंडी रडत ओरडत होता आणि मारत होता. मग पाना आला. हर्कमानच्या डोक्यासाठी उगारलेला तो लोखंडी पाना रणजंगच्या उजव्या हातावर बसला, आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. एकदा. दोनदा. रणजंग किंचाळला. पातळ आवाजामुळे ती किंचाळी पोरीची वाटली, आणि पानावाला तेवढ्यापुरता दचकून थांबला.

तेवढ्यात फूलकुमारी तापली. उकळत्या पेजेचं अर्धं पातेलं तिनं दारातून असं फेकलं की पुढचे पाच जण नाचू लागले. मग डाळ गेली. मग रिकामं पातेलं गेलं, ते पानावाल्याच्या खांद्यात बसलं आणि पाना हातातून गळाला. “भडव्यांनो, माझ्या स्वयंपाकघरात खून करता? या! या पुढे! चुलीत घालते एकेकाला!” तिच्या हातात आता जळतं लाकूड होतं.

आणि या सगळ्या गोंधळात कर्णमाया लिम्बू उठली. तिनं थाळी बाजूला ठेवली, लुगडं सावरलं, आणि जाऊन सरळ रणजंगच्या पाठीवर बसली.

“मारा आता,” ती म्हणाली. “ऐंशीला दोन कमी आहेत. एका फटक्यात काम होईल.”

बांबू वरच्या वर थांबले. मार खाणाऱ्या दोन माणसांवर बसलेल्या म्हातारीला कसं मारायचं, हे कुणी कधी ठरवलेलं नव्हतं. रणजंगच्या दोन बरगड्या तोवर मोडल्या होत्या. त्यानं पुढे कबूल केलं, की चाळीस जणांच्या मारापेक्षा त्या आमाचं वजन त्याला जास्त लागलं. पण उठा म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

ती तशी बसलेली असतानाच पोलीस आले. शिट्ट्या वाजल्या, बांबू खिडक्यांतून बाहेर गेले, बांबूंमागून माणसं गेली. हर्कमानला बाहेर काढायला दोघांना रणजंगची बोटं एकेक करून उचलावी लागली, कारण मोडलेली बोटं आपणहून उघडेनात. हर्कमानचा एक डोळा बंद झाला होता, जबडा सुजला होता, पण तो दोन्ही बाजूंनी पोलिसांना धरून स्वतःच्या पायांवर चालत गाडीत बसला. गाडी निघाली तेव्हा रणजंगनं डोकं फरशीला टेकलं.

धुंडी पळाला नव्हता. तो काचांच्या चुऱ्यात बसून राहिला होता, पेज पडून त्याचा हात लालभडक झाला होता.

“मामाचं काय कळलं?” रणजंगनं पडल्या पडल्या विचारलं.

“गेला.”

“पाहिलं कुणी?”

“सगळे म्हणत होते.”

“सगळे इथं होते, धुंडी. तिथं कोण गेलं?”

शंभर माणसं जमली होती आणि मारण्याच्या घाईत त्यांतलं कुणीच इस्पितळात गेलं नव्हतं.

“मेल्यांनो,” फूलकुमारी म्हणाली. तिनं रणजंगचा कान फडक्यानं बांधला, कोळसा आणायच्या हातगाडीत त्याला उचलून टाकलं, आणि दांड्याकडे बोट दाखवून धुंडीला म्हणाली, “ढकल. तू मोडलायस ना, तूच पोचव.”

मग आशाकाजी साहुजी तसबीर घेऊन गल्ल्याखालून वर आले. त्यांनी आपलं होटेल पाहिलं, कपाट पाहिलं, हातगाडीतला कॅप्टन पाहिला.

“साहुजी,” रणजंग म्हणाला, “आज बस मिळणार नाही. प्रवाशांना वरच्या खोल्या उघडून द्या. आमाला तुमची.”

“माझी?”

“तिथं ऊन येतं.”

साहुजींनी किल्ल्या काढल्या.

विझत आलेल्या बसच्या सांगाड्याजवळून, तुडवलेल्या फुलकोबीतून हातगाडी गेली. खड्ड्यागणिक रणजंग ओरडत होता आणि धुंडी “सावकाश, सावकाश” असं स्वतःलाच बजावत होता. वाटेत टायर जाळणाऱ्यांनी गाडी अडवली. धुंडीनं त्यांना आईवरून शिव्या दिल्या. त्यांनी वाट दिली.

इस्पितळाच्या बोळात, शस्त्रक्रियेच्या दारासमोर, लोकनाथची बायको जमिनीवर बसली होती. धुंडीला बघून ती उठली नाही.

“माइजू, मामा...?”

“आत आहे. गुडघ्याखाली पाय कापला.” ती म्हणाली. “जगेल म्हणाले. तुम्ही सगळे होतात कुठे? रक्ताला माणूस हवा होता. त्या हातगाडीवाल्यानं दिलं.”

धुंडी भिंतीला टेकून खाली घसरला.

“तो ड्रायव्हर सापडला का?” तिनं विचारलं.

“सापडला.”

“मेला?”

रणजंग फूलकुमारीच्या खांद्याला धरून उभा होता, तो म्हणाला, “नाही, वहिनी. जिवंत आहे. पोलिसांकडे आहे.”

“यानं वाचवला,” धुंडी म्हणाला. त्याला चुगली करायची नव्हती, ते आपसूक निघालं. “यानंच लपवला होता.”

ती बाई उठली. रणजंगच्या बांधलेल्या कानाकडे, फुगलेल्या हाताकडे तिनं पाहिलं, आणि मग डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत मारली. दिवसभर फुलकोबी तोडणारा हात होता, पण त्यात जोर नव्हता. फूलकुमारी पुढे सरसावली. रणजंगनं तिला कोपरानं अडवलं. हवालदाराच्या पट्ट्यापासून सकाळच्या पान्यापर्यंत त्यानं खाल्लेल्या सगळ्या मारांत हा एकच त्याला रीतसर वाटला.

“मारायला हवा होता त्याला,” ती म्हणाली.

“तुम्हाला तसं वाटणारच,” रणजंग म्हणाला.

ती पुन्हा खाली बसली आणि आता मात्र ओक्साबोक्शी रडायला लागली. आतून एक परिचारिका आली, रणजंगचा हात बघून तिनं जीभ चावली, “चला, तुम्ही आधी चला” म्हणून घाई करायला लागली. तो हलला नाही. मोडक्या बरगड्या सांभाळत, भिंतीला पाठ घासत तो त्या बाईशेजारी जमिनीवर बसला.

“सकाळपासून पोटात काही गेलंय का?” त्यानं विचारलं.

“नको मला,” ती म्हणाली.

“बरं,” रणजंग म्हणाला, आणि फूलकुमारीकडे बघून त्यानं मान हलवली. फूलकुमारीनं कपाळावर हात मारला, भात सगळा त्याच्याच पायी फरशीवर सांडल्याचं सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि कुठे चूल पेटलेली दिसते का ते बघायला बाहेर पडली. पहिलं ‘नको’ रणजंगनं सव्वीस वर्षांत कुणाचंच ऐकलं नव्हतं.